मानाचं लुगडं आणि रंकाळ्याची वाट

बाळांनो,

मागच्या सुट्टीत तुम्ही इथे होता, तेव्हा एका दुपारी लॅपटॉपवर जुना परीकथेचा इंग्रजी सिनेमा लावला होता. मी मध्येच हसायला लागले. तुम्ही दोघांनी विचारलंत, आजी, यात हसण्यासारखं काय आहे? मी म्हणाले, नंतर सांगते. ते आता लिहून टाकते, कारण डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं आहे की माझी मधली नजर हळूहळू जाणार, कडेचं तेवढं दिसत राहील. दारात कुणी उभं आहे हे कळेल, चेहरा कळणार नाही. सध्या जाड पेनाने एक ओळ सोडून लिहिते, म्हणजे ओळीवर ओळ चढत नाही. तुमच्या बाबाने हे वाचून दाखवावं आणि मधलं काही गाळू नये.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. माझे वडील शाळेत इंग्रजी शिकवायचे. शिवाजी पेठेत आमच्या गल्लीत कुणाकडे इंग्रजीत लिहिलेला कागद आला, की तो आमच्या घरी यायचा. हिंदी सिनेमाला आम्हाला आई न्यायची. इंग्रजी सिनेमा म्हणजे शिक्षण, म्हणून तो वडिलांकडे. वार्षिक परीक्षा संपल्यावर एका रविवारी ते आम्हा भावंडांना सकाळच्या खेळाला घेऊन जात.

त्या वर्षीच्या सिनेमात एक राजकन्या होती, पांढरा घोडा होता आणि काळ्या झग्यातली एक बाई होती. आम्हाला इंग्रजी येत नव्हतं. वडील कुजबुजत मराठीत सांगत होते. काळ्या झग्यातली बाई आली तेव्हा ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "ही राजकन्येची आत्या. लग्नात हिला मानाचं लुगडं दिलं नाही, म्हणून रुसली आहे."

पुढच्या रांगेत तालमीतले चार-पाच पैलवान बसले होते. त्यांतला एक मागे वळला. आता हा गप्प बसा म्हणणार, असं वाटून मी वडिलांचा हात धरला.

तो म्हणाला, "गुरुजी, जरा मोठ्यानं सांगा की. आमास्नी बी कळू दे."

मग वडील वर्गातल्या आवाजात सांगू लागले. आमच्या आजूबाजूच्या सगळ्यांनी तो सिनेमा त्यांच्या तोंडून पाहिला. शेवटी ती बाई कड्यावर धुरात नाहीशी झाली, तेव्हा आत्या कायमची माहेर सोडून गेली, असं वडिलांनी जाहीर केलं. पैलवान खरोखर हळहळला. "एका लुगड्यापायी, बगा," असं शेजारच्याला म्हणाला.

सिनेमानंतर आम्ही चालत घरी यायचो, तेही सरळ नाही, रंकाळ्याच्या काठाने लांबचा फेरा घेऊन. वडिलांचा नियम असा की वाटेत प्रत्येकाने गोष्टीचा एकेक तुकडा सांगायचा आणि गोष्ट पुरी झाल्याशिवाय घराकडे वळायचं नाही. त्या दिवशी आम्ही दोनदा तलावाच्या कडेने गेलो, कारण माझी धाकटी बहीण आत्याला लुगडं दिल्याशिवाय गोष्ट संपवू देईना. उन्हं चढली होती, भूक लागली होती, आणि तरी घर लवकर येऊ नये असं मला वाटत होतं.

तुम्ही लावलात तो तोच सिनेमा. पडद्यावरचं मला नीट दिसत नव्हतं, म्हणून मी पहिल्यांदाच तो लक्ष देऊन ऐकला, आणि आता मला इंग्रजी कळतं. त्यात आत्या नव्हतीच. ती बाई कुणाचीच कुणी नव्हती, तिला गादी हवी होती. वडील जन्मभर पुस्तकातून इंग्रजी शिकले आणि शिकवत राहिले, पण ती भाषा ज्यांच्या घरात बोलली जाते अशा माणसाचं बोलणं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. पडद्यावरचं बोलणं त्यांच्या कानावरून भरधाव निघून गेलं असणार. पोरांसमोर आणि पैलवानांसमोर ते कबूल कसं करायचं? मग आमच्या घरच्या दर लग्नात जे होत आलं होतं, ते त्यांनी त्या बाईला चिकटवलं. म्हणून मी हसले. नंतर त्यांची आठवण येत राहिली आणि पुढचा सिनेमा ऐकायचा राहून गेला.

आता अलीकडचं सांगते. रोज सकाळी रंकाळ्यापर्यंत चालत जायची माझी सवय बाबाच्या शाळेच्या दिवसांपासूनची. तुम्ही गेल्यावर एका सकाळी मला पायरी दिसली नाही. पडले, मनगट दुखावलं. बाबाने फोनवर सांगितलं, एकटीने बाहेर पडायचं नाही, घरातल्या घरात चाल. बारा दिवस मी दारापासून गॅलरीपर्यंत येरझाऱ्या घातल्या. नजर जाणार हे मी डॉक्टरांसमोर शांतपणे ऐकून घेतलं होतं. चालणंही गेलं, हे मात्र मला सोसेना.

शेजारच्या वहिनी तुम्हाला आठवत असतील, मूळच्या उचगावच्या, ज्यांचे यजमान शिरोलीच्या फौंड्रीत आहेत. त्या खरवस द्यायला आल्या आणि दारातच थांबल्या.

"काकू, हे काय, घाण्याच्या बैलागत?"

मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "उद्या सातला चप्पल घालून ऱ्हावा. मी हाय की."

त्यांच्या सकाळच्या घाईचा विषय मी काढून पाहिला, पण यजमानांचा डबा सहालाच गेलेला असतो म्हणाल्या. तुमच्या बाबाने त्यांना फोनवर पुष्कळ प्रश्न विचारले. तो दोन वर्षांतून एकदा येतो म्हणून त्या त्याला पावणं म्हणतात. "पावणं, तुमी काळजी करू नगासा," एवढंच उत्तर त्याला मिळालं.

तेव्हापासून आम्ही दोघी जातो. पायरी आली की त्या "दमानं" म्हणतात आणि बाकीचा वेळ मला दिसत नाही ते सांगत असतात. काल काठावरच्या बाकावर एक जोडपं बसलं होतं. त्याला बदलीच्या गावी जायचं आहे आणि तिला सासूला एकटं सोडवत नाही, अशी सगळी हकिकत वहिनींनी मला सांगितली. बाक आमच्यापासून बराच लांब होता. मी विचारलं, हे तुम्हाला कसं कळलं?

"त्यांच्या पाठीवरनं की," त्या म्हणाल्या.

मी पुढे काय झालं ते विचारलं. त्यांना ते सांगून पुरं होईना, म्हणून आम्ही वळायच्या जागेवरून आणखी थोडं पुढे गेलो.

वाचन जवळजवळ थांबलं आहे. लिहिणंही काही महिन्यांत थांबेल, मग मी फोनवर बोलेन. सकाळी सातला मात्र मी घरातून निघते, रंकाळ्यापर्यंत चालत जाते आणि चालत परत येते.