शपथेचा भाऊ

आम्ही शारजात राहायचो तेव्हा दर शुक्रवारी दुपारी ह्यांचे एक मित्र आमच्याकडे चिनी मारामारीची मालिका बघायला यायचे. एकदा त्यात दोन योद्ध्यांनी एकाच वाडग्यातून दारू पिऊन भाऊ होण्याची शपथ घेतली. मित्र म्हणाले, "वहिनी, आम्ही दोघं अगदी असेच!"

मला खालच्या इंग्रजी ओळी वाचता यायच्या नाहीत, म्हणून मी डोळे बघायचे. धाकटा योद्धा थोरल्याच्या तलवारीकडे बघत होता.

मग मित्रांनी ह्यांचा पासपोर्ट मागितला. त्यांच्या मेव्हण्याला पोलिसांनी धरलं होतं आणि जामीन म्हणून ठेवायचा होता. "दोन दिवसांत परत, इन्शाल्ला." बोलताना त्यांची नजर आमच्या कपाटावर होती. मेव्हणा पळाला असता तर पासपोर्टाशिवाय हे तिथेच अडकले असते.

चांगले कप काढायच्या निमित्ताने मी कपाट उघडलं आणि पासपोर्ट पदराखालून नेऊन पिठाच्या डब्यात खुपसला. ह्यांनी कपाटात शोधला, सापडेना, तेव्हा मी म्हणाले, "कंपनीत असेल."

पुढच्या शुक्रवारी मित्र आले नाहीत. मालिकेत धाकट्याने थोरल्यासाठी छातीवर वार झेलला.

"बघ, भाऊ असा असतो," हे म्हणाले.

मी मान डोलावली. पासपोर्ट मात्र आणखी महिनाभर पिठातच राहिला.