बारीक आवाज कोणाला येतो?

दुसऱ्या डॉक्टरांकडे लोक दार लावून हळूच दुखणं सांगतात. आमच्याकडे ती सोय नाही! मी कान तपासतो. माझा पेशंट ओरडून बोलतो, त्याच्याशी त्याच्या घरचे ओरडून बोलतात आणि बाहेर बाकावरच्या सात जणांना सगळं कळतं. त्यामुळे किस्से गोळा करायला मला कधी कष्ट पडले नाहीत. चार दिवस जळगाव, दोन दिवस धुळे, असं पंचवीस वर्षं चाललंय. डोक्यात जागा उरली नाही, म्हणून थोडे तुमच्या डोक्यात ओततो.

काम तसं साधं. पेशंटला काचेच्या खोलीत बसवायचं, कानाला हेडफोन, हातात बटण. मी बाहेरून मशीनवर आवाज सोडतो. आधी जाड, घुमणारे, मग बारीक, किणकिणते. आवाज आला की बटण दाबायचं. लहान पोराला वीस हजार हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, वय वाढलं की वरचे बारीक आवाज एकेक करून जातात. आणि ज्याचे जातात त्याला पत्ताच नसतो, ही खरी गंमत.

*

चोपड्याचे एक नाना, केळीवाले. तीस एकर बाग, बोलणं ऐसपैस. तपासणी केली तर कान फारच खराब निघाले. मला संशय आला, कारण माझ्याशी तर गडी मस्त गप्पा मारत होता.

"नाना, आवाज आल्या आल्या बटण दाबताय ना?"

"छे! नुसती कुठे चाहूल लागते, त्याला काय दाबायचं? चांगला मोठा होऊ देतो, मग दाबतो."

"अहो, चाहूल लागली की लगेच दाबायचं!"

नाना माझ्याकडे दयेने बघून म्हणाले, "डॉक्टर, भरल्याशिवाय घड कापतं का कोणी?"

*

भिका आबांचं आयुष्य कापसाच्या जिनिंगमध्ये, यंत्रांच्या खडखडाटात गेलं. जाड आवाजांना पटापट बटण दाबलं. चार हजार हर्ट्झ आला आणि आबा गप्प. मी आवाज वाढवला, आणखी वाढवला, आबा ढिम्म! शेवटी त्यांनी हेडफोन काढून नीट टेबलावर ठेवला, दार उघडून बाहेर आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"साहेब, तुमचं मशीन बंद पडलं. घाबरू नका. मेकॅनिक बोलवा, तोवर मी चहा पिऊन येतो."

हा किस्सा सांगून मी वर्षभर लोकांना हसवलं. मग माझी पाळी आली. रोज सकाळी पेशंट घ्यायच्या आधी मशीनचे सगळे आवाज मी स्वतः ऐकून बघतो, तसा नियमच आहे. एका सकाळी आठ हजारचा आवाज गायब. वायर हलवली, हेडफोन बदलला, आवाज फुल केला. काही नाही! नाशिकहून इंजिनिअर बोलावला. पंचविशीचा पोरगा. त्याने हेडफोन लावला, माझ्याकडे बघितलं, परत मशीनकडे बघितलं. बिचाऱ्याने हळूच हेडफोन काढून ठेवला.

आमच्या रिसेप्शनवरच्या आशाताईंनी मात्र दारातूनच सांगून टाकलं, "अहो सर, मला इथपर्यंत किणकिण ऐकू येतंय. मशीनला काही झालेलं नाही!"

तेव्हापासून सकाळचं ऐकणं आशाताई करतात. मी तोवर चहा पितो.

*

जळगावच्या एका रिटायर्ड साहेबांनी बायकोला आणलं. "हिला भास होतात हो. रोज म्हणते, फ्रिज वाजतोय. फ्रिज कधी वाजतो का?" काकू रडकुंडीला आल्या होत्या. शेजारणींनाही नवऱ्याने सांगून ठेवलं होतं, हिच्याकडे जरा लक्ष ठेवा म्हणून!

काकूंचे कान पहिल्या नंबरात पास. मग मी म्हटलं, साहेब, आलाच आहात तर तुम्हीही बसा. फ्रिजचं दार नीट लागलं नाही की जी बारीक पीप पीप होते, ती साहेबांना ऐकूच येत नव्हती. फाइलवरचं नाव खोडून साहेबांचं लिहिलं. काकू म्हणाल्या, "आता शेजारणींना मी सांगते!"

*

पाचोऱ्याच्या एका कॉलेजात मी भाषण दिलं. पोरांना सोळा-सतरा हजारचा आवाज ऐकवला. वर्गभर कानावर हात, आणि मागे बसलेले प्राध्यापक शांतपणे विचारतायत, "सुरू कधी करणार?" पोरं हसून बेजार.

सहा महिन्यांनी त्यातलेच एक सर भेटले. हात हातात घेऊन म्हणाले, "तुमच्या भाषणाचा काय परिणाम झाला बघा! त्या दिवसापासून माझ्या वर्गात एकदाही मोबाईल वाजला नाही."

पोरांनी रिंगटोन कोणती ठेवली असणार, ते मला तेव्हाच कळलं. पण इतका खूश माणूस! मी म्हटलं, "छान झालं, सर."

*

आता हा धुळ्याचा. पिंपळनेरहून तिघं आले: अक्का, त्यांचा मुलगा आणि सून रेखा. अक्का काचेच्या खोलीत बसल्या, तशी रेखा पुढे आली.

"साहेब, यांना ऐकू येतं असं लिहून द्या. शिक्का मारून!"

ऐकू येत नाही असं लिहून मागणारे रोज येतात. उलटं मागणारी ही पहिलीच.

"स्वतःच्या पोराने हाक मारली की ओ देतात. मी दहादा जेवायला बोलावलं तरी हूं नाही की चूं नाही. माहेरी शिकवलंय, सासूपुढे आवाज चढवायचा नाही. अकरा वर्षं खाली मान घालून, हळू बोलून बघितलं. आता पुरे. साक्रीत खोली बघितलीय. तुमचा कागद मिळाला की आम्ही वेगळे." मुलगा फरशीकडे बघत होता. त्याला आई सोडवत नव्हती आणि बायकोला खोटं म्हणवत नव्हतं.

तपासणी झाली आणि अक्का बाहेर आल्या त्या अहिराणीत ठणकावतच, "मना कान चांगला शेतस!" कान चांगले आहेत म्हणे.

कागदावर आलेख काढला. जाड आवाजाला अक्का एकदम फर्स्ट क्लास. बारीक आवाजाला रेघ धाडकन खाली. मी दाखवलं, "मुलाचा आवाज जाड, तो या बाजूला, ऐकू येतो. तुमचा बारीक, त्यात हळू बोलता, तोंडाला पदर. तो इथे. यांच्यापर्यंत पोचतच नाही."

रेखाने त्या रेघेवर बोट ठेवलं. "म्हणजे नाटक नव्हतं?"

"नव्हतं."

अक्कांच्या कानाला ट्रायलचं मशीन लावलं. रेखाला म्हटलं, "बोला काहीतरी. घरी बोलता तसंच." तिने सवयीने पदर सारखा केला, मान खाली घातली आणि पुटपुटली, "अक्का, चहा ठेवू?"

अक्का दचकल्या. आधी मागे वळून बघितलं. मग रेखाच्या तोंडाकडे. मग मुलाचा हात घट्ट धरला.

"हाई मनासंगे बोलस?"

"हो आई. रोज बोलते."

अक्कांचे डोळे भरून आले. म्हणाल्या, "अकरा साल माले वाटे, हाई मनावर रुसेल शे."