बाईंचा गुडघा

ती जिममधली ट्रेनर, पण सगळे तिला ‘थांबाताई’ म्हणत. नवा माणूस आत येऊन थेट वजनांकडे वळला, की कोपऱ्यातून तिचा आवाज आलाच समजा, “थांबा.” मग ती त्याला बाकावर बसवायची. आधीचं काही दुखणं आहे का, ऑपरेशन झालंय का, गोळ्या चालू आहेत का, चक्कर येते का, सगळं विचारायची. उत्तर देताना कुणी अडखळला, तर व्यायाम राहिला बाजूला, आधी डॉक्टरांकडे. त्यापायी काही गिऱ्हाइकं समोरच्या जिममध्ये गेली, तेव्हा मालक कुरकुरला, “तू जिम चालवतेस की दवाखाना?” तिने ते हसण्यावारी नेलं, पण विचारणं काही सोडलं नाही.

एके दिवशी दारात बाई उभ्या राहिल्या. शाळेत खेळाच्या तासाला ज्यांची शिट्टी वाजली की ती धावत जाऊन रांगेत उभी राहायची, त्याच बाई. केस पांढरे झालेले, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आवाज मात्र अजून मैदानावरचाच.

“पाय पुन्हा भक्कम करायचेत. आजपासून सुरू करू,” बाई म्हणाल्या.

“बाई, आधी सर्जनांचा होकार आणा. तुमच्या फिजिओथेरपिस्टशी मी स्वतः बोलेन.”

“तुला धावायला कुणी शिकवलं?”

“तुम्हीच. तरी होकार लागेल.” ती बाईंची नजर चुकवत म्हणाली.

बाई तणतणत गेल्या आणि पुढच्या आठवड्यात होकार घेऊन आल्या. खुर्चीवरून उठणं-बसणं, बुटक्या पायरीवर चढणं-उतरणं, असं सुरू झालं. बाईंना तो पोरखेळ वाटायचा. “मला काचेची समजतेस का?”

“काचेच्या असतात तर बरं झालं असतं. काच तडकली की आवाज तरी करते. तुम्ही दुखलं तरी सांगत नाही.”

बाई ओठ दाबून हसल्या. हळूहळू पायात जोर आला. वजनांचा हलका लोखंडी बार खांद्यावर घेऊन त्या सफाईने उठबस करू लागल्या.

जिमचा वर्धापनदिन आला. मालकाने पाहुणे बोलावले, फोटोवाला बोलावला आणि या वयात बाई बार पेलतात हे सगळ्यांना दाखवायचं ठरवलं. बाई खूश होत्या. ताईचीही हरकत नव्हती. पण त्या दिवशी बाई जिना चढून येताना तिने पाहिलं, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवून मगच त्या पुढची पायरी चढत होत्या.

“बाई, गुडघा दाखवा.”

“काही झालेलं नाही.”

“दाखवा.”

गुडघा सुजला होता, हाताला गरम लागत होता. काल घरी चोरून जास्तीचा सराव झाला होता.

मालक खालच्या आवाजात म्हणाला, “एकदाच खाली-वर करू दे गं. फोटो निघाला की संपलं. सगळे खोळंबलेत.”

तिने सगळ्यांदेखत बारवरची वजनं उतरवून जागेवर ठेवली. “माझ्या हाताखाली सुजलेल्या गुडघ्यावर वजन चढणार नाही. तुम्हाला पटत नसेल तर दुसरी ट्रेनर बघा.”

मालकाचा चेहरा पडला. बर्फाची पिशवी आणून तिने बाईंच्या गुडघ्यावर ठेवली. वर बघायचा मात्र तिला धीर होईना.

बाईच बोलल्या, मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात. “ही माझी विद्यार्थिनी. शाळेत माझ्यापुढे हिच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. आज भर सभेत मला नाही म्हणाली. फोटो काढायचाय ना, मग हिचा काढा.”

लोक हसले, त्यांच्यासोबत मालकालाही हसावं लागलं. फोटो निघाला तेव्हा थांबाताईचे डोळे भरले होते, ते आवरायला तिने कपाळाला आठ्या घातल्या होत्या, म्हणून त्यात ती जरा रागावल्यासारखीच दिसते.

सूज विश्रांतीने उतरली. पुढच्या आठवड्यापासून नव्या माणसाला बाकावर बसवायचं काम मालक स्वतःच करू लागला.

थंडी सुरू झाल्यावर डॉक्टरांना विचारून दोघी गावाबाहेरची टेकडी चढायला गेल्या. बाई काठी टेकत, आपल्या चालीने, कुठेही न लंगडता माथ्यावर पोचल्या. तिथे बसलेल्या एका कुटुंबाने कौतुकाने विचारलं, “मुलगी का तुमची?”

“छे,” बाई ताठ होत म्हणाल्या, “माझी ट्रेनर आहे.”