रामकिसन काकांची विनाअपघात हार

चूक शिवराजची होती, आणि ती त्यानं हसत हसत केली. रिटायर झाल्यापासून रामकिसन काका गॅलरीत बसून कॉलनीत कोणी गाडी किती वाकडी लावली यावर दिवसभर बोलायचे. त्यावर उतारा म्हणून या पुतण्यानं शहागंजातून बॅकगॅमनचा पट आणला आणि मोबाइलमध्ये बघून नियम वाचून दाखवले. पंधरा-पंधरा सोंगट्या, दोन फासे. सगळ्या सोंगट्या फिरवून आपल्या घरात आणायच्या, मग एकेक पटाबाहेर काढायची. एका जागी दोघी असल्या तर कोणाची टाप नाही, एकटी सापडली की मार खाऊन पुन्हा पहिल्यापासून. शेवटी काय लहर आली कोण जाणे, त्याच सुरात त्यानं एक नियम पदरचा वाचला. हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याचं एक म्हणणं ऐकायचं. एकही सोंगटी बाहेर न काढता हरला, तर दोन.

काकांनी गंभीरपणे मान डोलावली. एकतीस वर्षं त्यांनी एसटी चालवली होती. नियम आहे म्हटल्यावर तो कोणी केला हे विचारायची त्यांना सवय नव्हती. विनाअपघात सेवेचा बिल्ला शोकेसमध्ये होता आणि पाहुण्यांना चहाच्या आधी तो दाखवला जायचा. सिल्लोडच्या गाडीत काका असले की प्रवासी घरून जेवून निघायचे, असं त्यांचे जुने कंडक्टर सांगत.

खेळही तसाच. एकटी सोंगटी म्हणजे फाटकाबाहेर गेलेलं लेकरू. काका जोडीजोडीनं हलायचे, जोडी जमत नसेल तर पाच मिनिटं पटाकडे बघत बसायचे. त्यांची बायको द्वारकाबाई बरोबर उलट. त्या सोंगट्या खुशाल एकट्या सोडायच्या, मार खायच्या आणि पुढचा फासा टाकायच्या. पहिले आठ डाव काकांनी घेतले आणि आठही वेळा नियमाप्रमाणे वसुली केली. वांग्याच्या भाजीत कूट जास्त. बातम्यांच्या वेळी रिमोट आपल्याकडे. सिल्लोडच्या बहिणीशी, मालनबाईंशी, फोनवर दहा मिनिटांच्या वर बोलणं नाय.

द्वारकाबाईंचं म्हणणं मात्र दोन वर्षं एकच होतं. भजनी मंडळाला जाते सांगून त्यांनी क्रांती चौकातल्या क्लासात महिनाभर गाडी शिकून घेतली होती. लायसन देव्हाऱ्यात होतं, त्याला हळदकुंकूही लागलं होतं. खाली पांढरी वॅगनार कव्हर घालून उभी. किल्ली मागितली की काका म्हणायचे, बघू.

नवव्या डावाला बसताना त्यांनी आधीच सांगून टाकलं. "आज मी जिंकले तर मालनकडं सिल्लोडला गाडी मी नेणार. तुम्ही शेजारी बसायचं."

त्या रस्त्यानं काका शेजारच्या सीटवर बसून कधीच गेले नव्हते.

डाव निम्म्यावर आला तेव्हा काकांच्या दोन सोंगट्या द्वारकाबाईंच्या घरात, पार आतल्या कोपऱ्यात, एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. त्यांच्या पुढ्यात द्वारकाबाईंच्या जोड्यांची भिंत चढत होती. पाच घरं भरली होती, एक अजून उघडं होतं. फासा पडला सहा-चार. एकीला निसटायला वाट होती.

"काका, निघा आता," शिवराज म्हणाला. "मागं-पुढं एकट्या राहतील, पण तीनातनं दोनदा वाचाल."

"आन् तिसऱ्यांदा?"

काकांनी दुसरीकडची जोडी जपून सरकवली आणि पटाकडे अशा समाधानानं पाहिलं की जणू गाडी वेळेवर फलाटाला लागली.

द्वारकाबाईंनी त्या उघड्या घरात एक सोंगटी एकटीच नेऊन ठेवली. काकांना सहा पडता तर तिची धडगत नव्हती. काकांनी फासे बराच वेळ खुळखुळवले. पडले चार-तीन. पुढच्या फाशाला द्वारकाबाईंनी तिथं जोडीदारीण बसवली, आणि सहा घरांची सलग भिंत उभी राहिली. आता सहाचा फासा पडूनही उपयोग नव्हता.

काकांनी विचारलं, जागच्या जागी थांबलं तर चालतं का. शिवराजनं सांगितलं, हलता येत असेल तर हलावंच लागतं. एकतीस वर्षांत काकांना प्रथमच असा मार्ग भेटला, जिथं गाडी बाजूला घ्यायची सोय नव्हती. फाशामागून फासा पडत गेला आणि त्यांनी एवढं निगुतीनं लावलेलं घर त्यांच्याच हातानं मोडत गेलं. द्वारकाबाईंना सहा-सहा पडले, मग पाच-पाच. काकांच्या दोघी कोपरा सोडतात न सोडतात तोच द्वारकाबाईंची शेवटची सोंगटी पटाबाहेर गेली. काकांची एकही निघाली नव्हती. एकीनंही मार खाल्ला नव्हता. विनाअपघात, आणि दुप्पट हार.

काकांचा चेहरा बघून शिवराजला राहवेना. त्यानं कबूल केलं की म्हणणं ऐकायचा नियम मोबाइलात नव्हता, आपल्याच डोक्यातला होता.

काका उठले, शोकेस उघडली, बिल्ल्यामागून किल्ली काढली.

"आठ वेळा वसूल केलं तवा नियम होता ना? मग आज बी हाय."

रविवारी गाडी निघाली. काका शेजारी बसून नसलेला ब्रेक दाबत होते. फुलंब्रीच्या पुढं मक्यानं भरलेला ट्रॅक्टर वाटेत आला. काका सवयीनं त्याच्या मागं राहायला सांगणार, तोवर द्वारकाबाईंनी आरशात बघितलं, इंडिकेटर दिला आणि ट्रॅक्टर मागं पडला.

"जमलं की," काका बऱ्याच वेळानं म्हणाले. मग चाचरत विचारलं, "आन् ते दुसरं म्हणणं?"

"ऱ्हाऊ द्या," द्वारकाबाई रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "सवडीनं सांगते."

त्याला आता तीन महिने झाले. अजून सांगितलेलं नाही. द्वारकाबाई स्वयंपाकघरातून "अहो" म्हणाल्या की काका बातम्यांचा आवाज बंद करून बसतात.