उटकटाऱ्याची मुळी

उटकटाऱ्याला मी फूल म्हणत नाही. काट्यांचा गोळा, त्यावर निळसर पांढऱ्या पाकळ्या. कुणी देवाला वाहत नाही की केसांत माळत नाही. पण आमच्या ब्राह्मणपुरी गावात बाई बाळंतपणात अडली की आधी त्याचीच आठवण व्हायची.

स्वराज्य यायच्या सात-आठ वर्षं आधीची गोष्ट. मोठी जाऊ दोन दिवस कळा देत होती. माझ्या लग्नाला सहा वर्षं झालेली, नि कूस रिकामी. म्हातारी सुईण मला म्हणाली, "तूच जाय. मुळीवर सावली पडू दिऊ नको. मांगे वळी देखू नको."

भर दुपारी नदीकाठच्या बरडावर गेले. पौषातलं ऊन, वारा म्हणून नाही. तरी उटकटाऱ्याचं एकच झुडूप हलत होतं, बाकीची गप्प. त्याच्याच मुळाशी तांदूळ ठेवले, "चल माय, बाई अडली शे," म्हटलं आणि विळ्याने खणू लागले. मुळी इतकी अलगद वर आली, जणू खालून कुणी पुढे केली. परतताना मागे वाळल्या गवतात पावलं वाजत होती. मी थांबले की तीही थांबायची. वळून नाही पाहिलं बाई!

सुईणीने मुळी जावेच्या केसांत बांधली नि गाठ माझ्या हाती दिली. "पोर भाईर उनं का लगेच सोड. नहीतर पोटमधलं बठं त्यान्हा मांगे यी." म्हणजे गाठ राहिली, तर पोटातलं सगळंच पोरामागे बाहेर येईल.

घटकाभरात मुलगा झाला. रडेना. सगळ्या त्याच्यावर वाकल्या. मग रडला, नि इतका गोड रडला, की मी बघतच राहिले. हे माझं असतं तर! गाठ बोटांत होती. सोडायची होती, हेही ठाऊक होतं. बोटं हलली नाहीत. सुईण ओरडली तेव्हा कुठे सोडली; तोवर गोधडी रक्ताने भिजली होती. दिवस मावळायच्या आत जाऊ गेली.

"विसरले," असं मी सगळ्यांना सांगितलं. पोर माझ्याच मांडीवर वाढलं, मलाच आई म्हणालं. आता तो शिकलासवरला आहे. एकदा न राहवून त्याला सांगितलं, की गाठ माझ्याकडून उशिरा सुटली. बोटांचं नाही सांगितलं. तो हसला. म्हणाला, मुळीत काही नसतं गं आई, रक्त जायचं ते गेलंच असतं.

नसेलही. पण त्या घटकेला माझा त्या मुळीवर पुरता विश्वास होता.