गजाच्या लॅपटॉपवरची दुसरी ओळ

गजा गेल्याचं मला मीटिंगमध्ये कळलं. आईचा फोन दोनदा कापला, तिसऱ्यांदा बाहेर येऊन उचलला, तर ती रडत म्हणाली, "गजाननले अटॅक आला रे... बुलढाण्याले नेईपर्यंत राह्यलाच नाही." मी परत जाऊन मीटिंगमध्ये बसलो. वीस मिनिटं बसलो! मॅनेजर झालेला माणूस असा होतो, दुसरं काय.

धाड या आमच्या गावी माझ्या या मित्राचा, गजाचा, कॉम्प्युटर क्लास होता. माझा पहिला प्रोग्राम मी त्याच्याच मशीनवर लिहिला, फुकटात. पुण्याला नोकरी लागल्यावर मी त्यालाच शहाणपण शिकवू लागलो. मशीन चालवणारं विंडोज पुसून टाक, त्याच्या जागी फुकट मिळणारं लिनक्स घाल, तेव्हा कुठे खरा डेव्हलपर होशील. त्यानं खरंच पुसलं. बाजाराच्या दिवशी क्लासला कोणी फिरकायचं नाही, तर हा पठ्ठ्या गावातली बंद पडलेली मशीनं गोळा करून त्यांत लिनक्स घालत बसायचा आणि देऊळघाटहून भाजी घेऊन आलेल्यांना बोलावून दाखवायचा, "पाहा, चालून राह्यलं का नाही!" मी मात्र कंपनीनं महागडा लॅपटॉप दिला त्याच दिवशी मुकाट्यानं विंडोजवर परत आलो. त्याला सांगायची लाज वाटली.

मी टीम लीड झालो, मग मॅनेजर. कोड लिहिणं सुटलं, साहेबांच्या मागं मान डोलावणं जमू लागलं. टीममध्ये जागा निघाली तेव्हा गजाचं नाव मीच दिलं. ऑनलाइन परीक्षा होती. ती फक्त विंडोजवर चालते हे मला पक्कं ठाऊक होतं, तो नियम माझ्याच सहीनं झाला होता. आणि त्याला सांगायचं मी विसरलो. ऐन वेळी त्याचा फोन. "अबे, हे तं उघडूनच नाही राह्यलं! तूच म्हटलं होतं ना, पुसून टाक?" मी म्हणालो, "परीक्षा पुन्हा लावतो, फोन करतो." एका मेलचं काम होतं हो! पण आपल्या गाववाल्यासाठी शब्द टाकला तर वरचे काय म्हणतील... माझी बढती तोंडावर होती. मेल केला नाही. "काय झालं बे?" असं तो विचारायचा, मी "चालू आहे" म्हणायचो. मग त्यानं विचारणं सोडलं. बढती मिळाली मला. चुलीत गेली ती बढती.

तेरवीनंतर वहिनींनी त्याचा लॅपटॉप पुढ्यात ठेवला. "भाऊजी, यातले फोटो काढून द्या. मले नाही समजत." सुरू केला. पडद्यावर दोन ओळी आल्या, वर लिनक्स, खाली विंडोज. दहा सेकंदांत आपण काही निवडलं नाही, तर मालकानं आधी ठरवलेलं उघडतं. लिनक्सच्या त्या वेड्यानं विंडोज परत घातलं होतं! मी हात लावला नाही. दहा सेकंद गेले आणि विंडोज उघडलं. आत एकच गोष्ट होती, आमच्या कंपनीच्या परीक्षेचं सॉफ्टवेअर.

"रोज सकाळी एकदा ते चालू करून पाहत होते," वहिनी म्हणाल्या. "म्हणत, त्याचा फोन कधीबी येईन, आपल्याकून उशीर नको."

फोटो लिनक्सच्या बाजूला होते, ते काढून दिले. फोन का आला नाही, हे सांगायला मात्र तोंड उघडलं नाही... वहिनींच्या घरी हा पेपर येतो, म्हणून इथं लिहितोय.