सातच नावं

"बाई गेल्या. लवकर या." मुलुंडला आमच्या दारात द्रुपदाच्या जावयाने चिठ्ठी दिली, तिच्यावर एवढंच लिहिलेलं होतं. अक्षर मोठं, ओळ खाली उतरत गेलेली, जोडाक्षरापाशी पेन्सिल दोनदा फिरवलेली. जावई म्हणाला, "सासूबाईंनी बजावलंय, तोंडी सांगू नको, हेच दे." बाई म्हणजे माझी मैत्रीण सुशीला परब; तिला जाऊन आता पाच आठवडे झाले. शाळेतून घरी येताना, नेहमीच्या चढावर छातीत कळ आली आणि... चिठ्ठी लिहिणाऱ्या द्रुपदाला एके काळी स्वतःचं नावही वाचता येत नव्हतं. त्यावरूनच माझं आणि सुशीलाचं एकमेव मोठं भांडण झालं होतं. ते आज सांगायला हवं.

ऐंशी सालानंतरची ती वर्षं. जगातला प्रत्येक माणूस लिहिता-वाचता व्हावा म्हणून देशोदेशीच्या संस्था तेव्हा पुढे येत होत्या. अशाच एका परदेशी संस्थेच्या मदतीवर अंधेरीच्या आमच्या कार्यालयातून प्रौढ शिक्षणाचे वर्ग चालत. मी त्यांची पर्यवेक्षक. घाटकोपरच्या डोंगरउतारावरचा वर्ग सुशीलाचा होता. सकाळी ती महापालिकेच्या शाळेत शिकवायची आणि दुपारी दोन ते चार आपल्याच खोलीत वस्तीतल्या बायकांना. तिचे यजमान, परबभाऊ, गिरणीच्या संपात घरी बसले, पुढे वॉचमन झाले. पहिल्याच भेटीत सुशीलाने मला सुनावलं. आमच्या पुस्तकातला पहिला धडा नांगराचा होता. "इथे नांगर कोण बघायला जातंय गं? नळ घे. सकाळपासून यांच्या डोक्यात नळच असतो." ती 'नळ'पासूनच शिकवायची. मी पुस्तकाचा आग्रह सोडला आणि आमची मैत्री जमली.

वर्षअखेरीस साक्षर झालेल्यांची यादी द्यायची होती. वर्गाला बावीसजणी यायच्या. सुशीलाने सातच नावं लिहिली.

"सगळ्यांची लिही ना," मी म्हटलं. "बाकीच्या वर्गांनी तसंच केलंय. परदेशातून पाहुणे येणार आहेत, माझी वाट लावशील."

"जिला वाचता येत नाही तिला साक्षर म्हणून लिहिलं, की तिला शिकवायला परत कोण येणार? मग तिची वाट लागेल त्याचं काय?"

मी रागारागाने निघून आले आणि कार्यालयात बसून उरलेली पंधरा नावं माझ्या हाताने लिहिली. तिला सांगितलं मात्र नाही.

पाहुण्या बाई आल्या. पांढरे केस, चढ चढून दमलेल्या. दुभाषी मीच. त्यांनी यादीवर बोट ठेवलं ते नेमकं द्रुपदाच्या नावावर. चार घरची धुणीभांडी आटपून आलेली द्रुपदा पुस्तक घेऊन उभी राहिली. ओठ हलले, आवाज फुटेना. ती लाजतेय, असं मी घाईघाईने इंग्रजीत सांगून टाकलं. सुशीलाला तेवढं इंग्रजी समजत होतं. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग यादीकडे, आणि अक्षर ओळखलं.

"नीट सांग गं," ती हळूच म्हणाली. "लाजत नाहीये ती. तिला अजून येत नाही. येईल."

सगळ्या बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या... मी खरं सांगितलं. यादी मीच वाढवली, हेही सांगितलं. पाहुण्या बाई द्रुपदाशेजारी सतरंजीवर बसल्या आणि 'नळ' कसा लिहितात ते तिच्याकडून पाटीवर शिकल्या. द्रुपदाला तेव्हा तेवढा एकच शब्द येत होता.

रागावलं ते आमचं कार्यालय. सुशीलाच्या वर्गाची मदत थांबली, माझी नोकरी गेली. तीन महिने मी तिला तोंड दाखवलं नाही. शेवटी तीच मुलुंडला आली, डब्यात फणसाची भाजी घेऊन. नोकरीबद्दल तिने एक शब्द काढला नाही. निघताना चपला घालत म्हणाली, "चारचौघांत स्वतःची चूक बोललीस, मला जमलं नसतं ते. शनिवारी येतेस? पंधराजणी राहिल्यात." वर्ग तिने एक दिवसही बंद केला नव्हता. मी जाऊ लागले.

द्रुपदाला आणखी दोन वर्षं लागली. एका दुपारी ती धापा टाकत वर्गात शिरली. रेशन दुकानदाराने रॉकेल संपलं म्हणून तिला परत पाठवलं होतं आणि त्याच्याच फळ्यावर 'रॉकेल आहे' असं लिहिलेलं होतं. "मी त्याचाच फळा त्याला वाचून दाखवला, बाई!" हातातला रॉकेलचा डबा उंच धरून द्रुपदा म्हणाली. सुशीला इतकी हसली की हातातला खडू खाली पडला. मग डोळे पुसत तिने वही उघडली आणि साक्षर झालेल्यांत द्रुपदाचं नाव लिहिलं.

गेल्या शनिवारी मी त्या खोलीवर गेले. दोन वाजायला आले तसे परबभाऊ खाटेवरून उठले, पेपर घेतला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. इतकी वर्षं दुपारी दोनला खोली बायकांची व्हायची, म्हणून ते असेच उठून बाहेर जात.

"अहो, आज वर्ग नाही," मी म्हटलं.

"माका ठाऊक आसा," ते म्हणाले. "पण दोन वाजले काय आत बसूक जमणा नाय."

पायरीच्या अगदी कडेला, उन्हात सरकून ते पेपर वाचत होते. बाकीची सगळी पायरी त्यांनी बायकांच्या चपलांसाठी मोकळी सोडली होती.